आमच्या पऱ्या कुणी पळवल्या?

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाकडे संपादक कथा मागतात तेव्हा विषय सांगावा लागत नाही. दंगल चालते, तलाक चालतो, नाव ऐकून घर भाड्याने न मिळणे चालते. मोहल्ल्यातले दारिद्र्य तर बारमाही पीक. हे विषय खोटे नाहीत. आमच्या आधीच्या पिढीने ते रक्त आटवून लिहिले, आम्हीही लिहिले, आणि दिवस असेच राहिले तर पुढच्यांनाही लिहावे लागतील. पण कुणी प्रेमकथा लिहिली आणि ती सुखाने संपली, की लगेच प्रश्न येतो: यात मुस्लिम समाजजीवन कुठे आहे? जणू सलीम आणि नाझनीन एकमेकांना चोरून बघतात तेवढा वेळ ते समाजजीवनातून रजेवर असतात! जिन्न, परी, तिलिस्म यांची कादंबरी तर कुणी मागतही नाही आणि आम्ही देतही नाही.

म्हणून मध्यंतरी आम्ही हट्टाने फक्त याच जातीच्या कादंबऱ्या वाचल्या. प्रेमाच्या आणि अद्भुताच्या. इंग्रजी वाचल्या, उर्दू वाचल्या. मराठीत शोधल्या, मुसलमान घरातली, आनंदात संपणारी, निखळ प्रेमाची कादंबरी आमच्या हाती लागली नाही. वाचलेल्यांविषयी आमची मते इथे मांडत आहोत. ती सर्वांना रुचतील असा आमचा दावा नाही.

शॅनन चक्रवर्ती या अमेरिकन लेखिकेची तीन भागांची कादंबरी आधी घेऊ. 'द सिटी ऑफ ब्रास' २०१७ साली आली, मग २०१९ मध्ये 'द किंगडम ऑफ कॉपर' आणि २०२० मध्ये 'द एम्पायर ऑफ गोल्ड'. अठराव्या शतकातले कैरो. नाहरी नावाची एक अनाथ पोर लोकांना गंडवून पोट भरते आहे. अंगात आलेले उतरवण्याच्या विधीत ती आपल्या अनोळखी मातृभाषेत गाते आणि दारा नावाचा अग्नीचा योद्धा समोर उभा राहतो. तिथून गोष्ट जिन्नांच्या नगरीत, दाएवाबादला जाते. पितळी तटबंदी, सहा जमाती, हजरत सुलेमानची मोहर आणि त्या मोहरेच्या जोरावर राज्य करणारा एक कठोर बादशहा. या शहरात शफीत नावाचा एक वर्ग आहे. माणूस आणि जिन्न यांच्या मिश्र रक्ताचे हे लोक. कष्ट त्यांचे आणि तुच्छताही त्यांच्याच वाट्याला. बादशहाचा धाकटा मुलगा अली त्यांना चोरून पैसे पुरवतो. हा अली पाच वेळची नमाज पढतो, व्याजाला हराम मानतो, बोलताना अडखळतो, आणि तरीही नायक आहे! त्याच्या दाढीचा खुलासा लेखिका कुठेही देत बसत नाही. आम्हाला या पुस्तकात सर्वांत जास्त काय आवडले असेल तर हेच.

पण दाराविषयी आमचे भांडण आहे. हा देखणा, हळवा, तिरंदाजीत अजोड असा पुरुष एका शहराच्या कत्तलीचा करवीता आहे. पहिल्या खंडात लेखिका आधी आपल्याला त्याच्या डोळ्यांवर भाळायला लावते आणि कत्तलीची बातमी मग सावकाश देते. तोवर वाचणारी मुलगी त्याच्या बाजूची झालेली असते. ही क्लृप्ती आम्ही ओळखतो. हातावर एका शहराचे रक्त असलेला माणूस रुबाबदार दाखवला की माफी स्वस्त होते. ज्यांच्या ओळखीपाळखीत कुणीतरी दंगलीत गेलेले आहे त्यांनी ती स्वस्ताई निमूट स्वीकारावी, असे आम्हाला वाटत नाही. तिसऱ्या खंडात लेखिका हे कर्ज पुष्कळसे फेडते. दाराला सुखाचा शेवट मिळत नाही, जन्मभराचे प्रायश्चित्त मिळते. आणि नाहरी सिंहासन न घेता दवाखाना मागते. म्हणून त्रयी पूर्ण वाचावी. पहिल्या खंडावर थांबणाऱ्याच्या पदरात चुकीचा माणूस पडेल.

आता उर्दूकडे. इथे आमचे वाचक मुळात वाचक नव्हेतच, वाचिका आहेत. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, औरंगाबादपासून कोकणातल्या गावांपर्यंत आमच्या मुली उमेरा अहमद आणि निमरा अहमद वाचतात. ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्या रोमन अक्षरांत, मोबाईलच्या पडद्यावर वाचतात, आणि ज्यांना तेवढी सवड नाही त्या भाकरी थापताना कानाने ऐकतात. आमच्या साहित्यसंमेलनांत या वाचनाचा उल्लेख झालाच तर हसण्यासाठी होतो. हसणाऱ्यांपैकी कितींनी ही पुस्तके उघडून पाहिली आहेत?

आम्ही उघडली. उमेरा अहमद यांचे 'पीर-ए-कामिल' २००४ सालचे. त्यातली पकड नाकारण्यात अर्थ नाही. पानामागून पान उलटत जाते. सालार हा बुद्धिमान, उद्धट, आयुष्याला कंटाळलेला मुलगा आणि इमामा ही घर सोडून पळालेली मुलगी. त्यांच्यातला तो कोरडा, तिरका व्यवहार लेखिकेने फार चांगला साधला आहे. परंतु इमामा अहमदिया घरातली आहे, आणि घरच्यांचा पंथ टाकणे हीच तिच्या सद्गुणाची पहिली पायरी ठरते. ज्या देशात १९७४ च्या घटनादुरुस्तीने त्या पंथाला गैरमुस्लिम ठरवले, त्या देशात हे लिहिले गेले. तिथे ते बहुसंख्यांचे सोपे पुण्य आहे. इथे, जिथे आम्हीच अल्पसंख्य आहोत, जिथे घर सोडून धर्म बदलणाऱ्या मुलीच्या गोष्टीवर कोण कसे राजकारण करते ते आम्ही रोज पाहतो, तिथे या कथानकापाशी आपली भुवई जरासुद्धा उंचावू नये? दुसऱ्याच्या अल्पसंख्याला गोष्टीत असे वापरले की आम्हाला ते भक्तिरसाचे वाटते, आणि आमचे नाव तसेच वापरले की द्वेषाचे. दोन्हींना एकच माप लावावे लागेल.

निमरा अहमद यांच्या 'जन्नत के पत्ते'मधली हया शिकायला इस्तंबूलला जाते आणि हळूहळू परद्याकडे वळते. कोडी, पत्रे, पाठलाग यांची रचना चलाख आहे. परद्याचा निर्णय हा मुलीचा स्वतःचा प्रवास म्हणून लिहिला आहे, तेही मान्य. आमचा आक्षेप नायकावर आहे. तो वेश बदलून तिच्यावर नजर ठेवतो, तिला पारखत राहतो, आणि याला प्रेम म्हणायचे! लहानपणी निकाह झाला म्हणून पाळत ठेवण्याचा परवाना मिळतो काय? आमच्या मुलींच्या वाट्याला भाऊ, चुलते, शेजारी अशी पाळत आधीच पुष्कळ आहे. कादंबरीतल्या नवऱ्याने तरी त्यातून सुटी द्यायला हरकत नव्हती.

कॅनडाच्या उझ्मा जलालुद्दीन यांची 'आयेशा अॅट लास्ट' (२०१८) या मानाने हलकीफुलकी. जेन ऑस्टिनचा सांगाडा टोरंटोच्या उपनगरातल्या मशिदीत आणून उभा केला आहे. खालिद हा पांढरा झगा घालून कचेरीत जाणारा, आईच मुलगी ठरवील असे मानणारा तरुण. आयेशा शिक्षिका आणि मनातून कवयित्री. तिचे नाना हैदराबादेत इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि ऊठसूट शेक्सपियर ऐकवतात. दख्खनचा तो म्हातारा आम्हाला सगळ्यांत सच्चा वाटला. बाकी घरे ऐसपैस आणि अडचणी बेताच्या. पण धर्मनिष्ठ मुलगा गमतीदार असू शकतो, त्याची चेष्टा करता येते आणि चेष्टेनंतरही त्याचा मान राहतो, हे ज्या सहजतेने लिहिले आहे ते आमच्या मराठी लेखणीला अजून जमलेले नाही. आमच्याकडे दाढीवाला आला की तो एक तर धर्मांध असतो किंवा बळी.

असे का झाले? आमच्या पूर्वजांना अद्भुताचे वावडे होते म्हणून? दख्खनी भाषेची सर्वांत जुनी उपलब्ध मसनवी, पंधराव्या शतकात बिदरच्या बहमनी राज्यात निजामीने रचलेली 'कदमराव पदमराव', हीच मुळी परकायाप्रवेशाची गोष्ट आहे. एक जोगी विद्या शिकवतो आणि राजाचा जीव पोपटाच्या देहात अडकतो. विजापूरच्या दरबारात नुसरतीने १६५७ च्या सुमारास 'गुलशन-ए-इश्क' लिहिली. मनोहर आणि मधुमालतीच्या प्रेमाची कथा, पऱ्यांसकट, आणि ती लिहिताना नायक-नायिका हिंदू आहेत म्हणून त्याचा हात अडखळला नाही. लखनौला मुन्शी नवलकिशोर या हिंदू मुद्रकाने अमीर हमजाची दास्तान शेहेचाळीस जाडजूड खंडांत छापली. त्यातल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'ची सुरुवात १८८३ सालची. अम्र अय्यार, त्याची ती कधी न भरणारी झोळी, जादूगारणींच्या फौजा! आणि मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ मध्ये अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी आणायला घेतल्या, पुढे विष्णुशास्त्र्यांनी ते काम चालवले. त्याच साली आलेली 'मुक्तामाला' असो की १८६८ ची 'मंजुघोषा', आरंभीच्या मराठी कादंबरीवर या अरबी-फारसी कथांची सावली आहे असे मराठीचे समीक्षकच सांगत आले. सांगताना सूर मात्र आजार सांगावा तसा. तो आजार ज्यांच्या घरचा, त्या आम्हाला कुणी विचारले नाही.

पऱ्या पळवल्या त्या आपल्यातल्याच सुधारकांनी, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. डेप्युटी नझीर अहमद मोठा माणूस, त्यांच्या १८६९ च्या 'मिरात-उल-उरूस'ने मुलींच्या शिक्षणाला बळ दिले. पण त्यांच्याच 'तौबत-उन-नसूह'मध्ये पश्चात्ताप झालेला बाप थोरल्या मुलाच्या, कलीमच्या, पुस्तकांना काडी लावतो. दास्ताने, शायरी, सारे जळते. पुढे मौलाना अशरफ अली थानवींनी 'बहिश्ती जेवर'मध्ये स्त्रियांनी वाचू नयेत अशा पुस्तकांची यादीच दिली, आणि गंमत पाहा, त्या यादीत अमीर हमजाच्या जोडीला नझीर अहमद यांची पुस्तकेही जाऊन बसली! आग लावणाऱ्याचे घरही वाचले नाही.

आमचे पुरोगामी वडीलधारे यावर खूश होतील. मौलवींवर चाललेली टीका त्यांना नेहमीच गोड लागते. त्यांनी इतक्यात खूश होऊ नये. कलीमची पुस्तके त्यांनीही जाळली आहेत, फक्त काडी वेगळ्या पेटीतली होती. प्रबोधनाला उपयोगी नाही ते साहित्य नाही, परीकथा म्हणजे अंधश्रद्धा, प्रेमकथा म्हणजे मध्यमवर्गी चैन, ही वाक्ये आम्ही व्यासपीठावरून किती वेळा ऐकली! एकाने ईमानासाठी नाकारले, दुसऱ्याने परिवर्तनासाठी, आणि प्रस्थापित मराठी प्रकाशकाला तर मुसलमान पात्र रडतानाच हवे होते. तिघांचे एकमत झाले. मुलगी मात्र वाचायची थांबली नाही. ती मराठीतून उठून रोमन उर्दूत गेली, आणि तिथे जे मिळाले ते तिने घेतले. त्यातला पाळत ठेवणारा नवरा आम्हाला खटकतो, पण त्याला पर्याय म्हणून आम्ही तिच्या हातात काय ठेवले? इंधनाचा धूर आणि न्यायालयाचा निकाल.

कुणी म्हणेल, हे परदेशात जमते, इथल्या मातीत जिन्न रुजणार कसे? त्यांनी चक्रवर्तींचीच २०२३ सालची 'द अॅडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी' वाचावी. बाराव्या शतकातला हिंदी महासागर. अमीना ही निवृत्त समुद्री लुटारू, चाळिशी ओलांडलेली, गुडघा दुखणारी, एका मुलीची आई. पूर्वीचे नवरे चार, त्यातला एक माणूसच नव्हे. नमाज चुकली की तिला खंत वाटते, आणि समोर मोहीम आली की पाय थांबत नाहीत. तिचा उजवा हात असलेला तिंबू हिंदुस्थानचा. एडनपासून सोकोत्रापर्यंत गलबत हाकणारी ही बाई 'नाखुदा' म्हणवते. वाचकहो, नाखुदा म्हणजे आपला नाखवाच की! नाखुदा, नाखवा, तांडेल ही आमच्या कोकणातल्या घराण्यांची आडनावे आहेत. मसऊदी हा बगदादचा प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास आपल्या चौलला आला आणि तिथे दहा हजार मुसलमान वस्ती करून असल्याचे त्याने लिहून ठेवले. विजापूरचे हाजी दाभोळहून गलबतात बसत. खाडी आमची, शब्द आमचा, आणि त्यावरची अद्भुत कादंबरी अमेरिकेत छापली गेली. लेखिकेबद्दल आमच्या मनात असूया नाही. तिने वाचून, खपून लिहिले आहे. चीड येते ती आमच्या पानांची.

तेव्हा या वार्षिकाच्या संपादकांकडे आमची मागणी अशी आहे. पुढच्या अंकात एक कथा अशी छापा की जिच्यात मुरुडच्या किंवा दाभोळच्या एखाद्या नाखव्याच्या मुलीला समुद्रात जिन्न भेटतो. दुसरी अशी की जिच्यात दोन माणसे प्रेमात पडतात, घरच्यांशी भांडतात आणि वलीमा होऊन गोष्ट संपते. त्यांच्यासाठी मुलींकडून लेखन मागवा. कुठे काय रंगते ते त्यांना आमच्याहून चांगले कळते. आणि त्या कथा परिसंवाद, अहवाल, ठराव यांच्या मागे, शेवटच्या पानांत 'मनोरंजन' असा शिक्का मारून टाकू नका. अंक उघडल्या उघडल्या लावा.