विज्ञानवार्ता : दहा मायक्रोसेकंदांची मुदत

घरोघरीं नांदणाऱ्या वायफायचें सारें कौशल्य एका लहानशा चिपेंत कोंडलेलें असतें. ती विकत मिळते. परंतु तिच्या आंत काय चालतें तें पाहण्याची वा बदलण्याची सोय जिज्ञासूस बहुधा नसते. मग रेडिओचें हें काम संगणकावरील सॉफ्टवेअरकडेच कां सोंपवूं नये? जोसेफ मिटोला यांनीं १९९२ सालीं ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ या नांवानें हा विचार मांडला. २००१ सालीं सुरू झालेल्या ‘जीएनयू रेडिओ’ या मुक्त प्रणालीनें तो विद्यार्थ्यांच्या हातीं दिला.

उपकरणानें लहरींचीं मापें घ्यावीं आणि त्यांचा अर्थ संगणकानें लावावा, अशी ही योजना. नभोवाणी ऐकण्यापुरती ती उत्तम साधते. जाळें विणूं लागतांच मात्र दोन अडचणी आडव्या येतात.

पहिली भाराची. २० मेगाहर्ट्‌झच्या वाहिनीसाठीं सेकंदास दोन कोटी मापें लागतात. माप चार बाइटांचें धरल्यास हा ओघ सेकंदास ६४ कोटी बिटांचा होतो. आणि यूएसबी २.० ची कागदोपत्रीं क्षमताच ४८ कोटींची! नव्या जोडण्यांनीं ही अडचण बरीचशी निवारली आहे.

दुसरी वेळेची, ती अधिक बिकट. निरोप मिळतांच घेणाऱ्यानें पोंच द्यावी, हा वायफायचा शिष्टाचार. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत त्यासाठीं ठरलेला अवकाश अवघा १० मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यांत प्रकाशही तीनच किलोमीटर जातो. मापें संगणकांत जाऊन उत्तर परतेपर्यंत सामान्यतः याच्या कित्येक पट वेळ लोटतो. तोंवर पाठविणारा निरोप हरवला असें समजून तोच पुन्हां धाडतो.

मायक्रोसॉफ्टच्या आशियांतील संशोधकांनीं २००९ सालीं ‘सोरा’ प्रणालींत उपकरण संगणकाच्या पोटांतच बसवून ही मुदत गांठली. पुढें २०१९ सालीं बेल्जममधील ‘ओपनवायफाय’नें घाईचीं कामें एफपीजीए या, अंतर्रचना बदलतां येणाऱ्या, चिपेकडे दिलीं. पण तिची रचना करणें साध्या प्रोग्रामाहून पुष्कळ कठीण! म्हणजे जें सौकर्य साधावयाचें, त्याचाच कांहीं अंश येथें गमवावा लागतो.

तरीही हा खटाटोप व्यर्थ नव्हे. जें उघडून पाहतां येतें, तेंच खरें शिकतां येतें. मात्र घरांतील तरुणांनीं एक पथ्य पाळावें : असें उपकरण नको त्या पट्ट्यांतही बोलूं शकतें. म्हणून आरंभींचे प्रयोग दोन उपकरणें क्षीणकासह तारेनें जोडूनच करावेत. त्यांत ज्ञान मिळतें आणि शेजाऱ्यास उपद्रव होत नाहीं.