कर्ज सुताराला मिळेल, पण हप्ता झोपाळ्याआधी येतोय

कारेगाव (ता. शिरूर) : पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांना 15 हजारांपर्यंत मदत, 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज, तेही विनातारण. ऐकायला झकास! पण पहिलं लाख 18 महिन्यांत फेडायचं. वाड्यातल्यासारखा कोरीव झोपाळा किंवा देव्हारा करायचा तर सागवान आधी रोखीनं आणावं लागतं, नक्षीला दिवसच्या दिवस जातात, आणि पूर्ण पैसे माल पोचल्यावर. तोवर बँक थांबत नाही. शेजारच्या रांजणगाव एमआयडीसीत पगार तारखेला होतो, मग पोरं रंधा कशाला धरतील? कर्ज घ्यायचंच तर आधी ऑर्डर, अॅडव्हान्स हातात घ्या. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते, लाभ कुटुंबात एकालाच.