गावाकडे जाताना क्रिप्टो इथेच ठेवून जा

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी क्रिप्टोवरून जुंपतेच. आज शनिवार मोकळा आहे, तर एकदाचं लिहूनच टाकतो.

आधीच सांगतो, तुम्ही स्वतःच्या पगारातून काय घ्यावं याच्याशी मला देणंघेणं नाही. दोन हजारांचं बिटकॉइन घेऊन दर तासाला ॲप उघडून बघण्यात जी गंमत आहे ती खुशाल लुटा :) माझं भांडण आहे ते सुट्टीत बीड, माजलगाव, केजला जाऊन काका-मामांना "थोडे पैसे यात टाका" असं सांगणाऱ्या आपल्याच मंडळींशी.

या सल्ल्याची सुरुवात हल्ली हमखास ज्ञानराधापासून होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्ञानराधा ही बीडची मल्टिस्टेट पतसंस्था. ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याज. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या अध्यक्षांच्या उद्योगसमूहावर आयकर खात्याच्या धाडी पडल्या, ठेवीदारांची झुंबड उडाली आणि पैसे मिळायचे थांबले. जून २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली. ठेवीदारांचे सुमारे २,४७० कोटी रुपये कर्जाच्या नावाखाली याच समूहाकडे वळवले, असा ईडीचा आरोप आहे. कुणाचे निवृत्तीचे, कुणाचे मुलीच्या लग्नाचे, कुणाचे कापसाचे पैसे अडकले.

मग आपला इंजिनिअर म्हणतो, "बघा मामा, माणसावर विश्वास ठेवला की असं होतं. क्रिप्टोत मधला माणूसच नाही!"

ऐकायला झकास. पण व्यवहारात साफ खोटं.

ब्लॉकचेनवर कुणी अध्यक्ष नसतो, हे खरं. पण मग आपल्या पैशांची किल्ली आपणच सांभाळायची. किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. ते हरवले की पैसे गेले, शाखेत जाऊन दुसरं पासबुक काढायची सोय नाही. आपल्यातले तरी किती जण ही कटकट करतात? बहुतेक सगळे नाणी एक्स्चेंजवरच ठेवतात. म्हणजे मधला माणूस आलाच की! फक्त तो गावात भेटत नाही.

वझीरएक्सचं काय झालं आठवा. जुलै २०२४ मध्ये तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. सगळ्या खातेदारांचं पैसे काढणं अडकलं, परतफेडीची योजना गेली थेट सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, आणि गाडं पुन्हा सुरू झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. ज्ञानराधाचा ठेवीदार निदान कलेक्टर कचेरीसमोर जाऊन बसू शकतो. सिंगापूरला उपोषणाला कसा जाणार?

आणि हे झालं नावाजलेल्या एक्स्चेंजचं. एजंटांच्या साखळीतून गावात पोचतं ते याहून वाईट. गेनबिटकॉइन आठवतंय? १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, वर नवीन माणूस आणला की कमिशन. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं त्यांचंच टोकन लोकांच्या गळ्यात मारलं. पुण्यात, नांदेडमध्ये गुन्हे नोंदले गेले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रमुख आरोपी अमित भारद्वाजला पकडलं. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. ईडीच्या म्हणण्यानुसार आकडा ६,६०० कोटींचा आहे. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दुसऱ्या आरोपीला सांगावं लागलं, की वॉलेटचा पासवर्ड ईडीला दे. त्याच महिन्यात पुणे पोलिसांनी तपासासाठी बोलावलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. आरोप काय, तर तपासातली नाणी परस्पर वळवल्याचा! पतसंस्थेच्या संचालकांची जमीन, इमारत एमपीआयडी कायद्याखाली जप्त करता येते. इथे आधी पासवर्ड मागत फिरायचं.

बरं, रोजच्या वापराचं काय? ज्या देशांत चलनाची रोज माती होते, तिथे डॉलरशी बांधलेलं नाणं कामाचं आहे, हे मी मान्य करतो. पण बीडच्या भाजी मंडईत यूपीआय चालतं, फुकट आणि काही सेकंदांत. त्याच्या जागी क्रिप्टो वापरून मामांना काय मिळणार? एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायची सोय नाही, आणि जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस. चहाची उधारीसुद्धा याने फेडावीशी वाटणार नाही.

आपल्यातले काही जण म्हणतात, पैशाचं सोड, वहीचं बघ. न बदलता येणारी वही! ठीक, बीडचंच उदाहरण घेऊ. इथून दर हंगामाला लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, मग ऊस तोडून ती फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. हिशोब मुकादमाच्या वहीत. आता ही वही ब्लॉकचेनवर टाकली तर काय होईल? मुकादमाने जे लिहिलं तेच कायमचं राहील. चुकीचा आकडा न पुसता येणारा झाला म्हणून बरोबर होत नाही. तिथे हवाय वजनकाट्यावर विश्वास, मजुराच्या हातात पावती आणि भांडायला कामगार खातं. यातलं काहीही कोडमध्ये येत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: "पण भाव किती वाढला ते बघ ना!" बघितला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६८ हजार डॉलरच्या वर होतं, वर्षभरात १६ हजारांच्या खाली आलं. पुढे परत चढलं, कबूल. पण थांबणं कुणाला परवडतं? आपला पगार दर महिन्याला येतो. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आल्या दिवशीच अर्धा वाटला जातो. ऐन पडत्या भावात दवाखाना निघाला की मामा विकणार, आणि तो तोटा कुठल्याच आलेखात दिसणार नाही.

शिवाय मामा आलेख बघून पैसे टाकत नाहीत. "आपला पोरगा कंप्युटरमध्ये आहे" म्हणून टाकतात. म्हणजे मधला माणूस कोण झाला? तुम्हीच! पतसंस्थेच्या एजंटावर लोकांनी असाच विश्वास टाकला होता. तोही ओळखीतलाच होता.

सल्ला द्यायचाच असेल तर साधा द्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. बाजारापेक्षा दुप्पट व्याज देणाऱ्याला दुप्पट प्रश्न विचारा. एवढं सांगितलंत तरी पोरगा शिकल्याचं सार्थक झालं.

असो. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी सोमवारी जेवणाच्या टेबलावर भेटावं. डबा आणा, वाद मी आणतो.