रिपीट करण्याआधी ओएमआर उघडा

‘नीट’चा निकाल लागला की त्याच संध्याकाळी घरोघरी फैसला होऊन जातो. “थोडक्यात हुकलं. एक वर्ष दे, सीट पक्की.” असं म्हणणाऱ्या काका-मामांची तळमळ खरी असते आणि म्हणण्यात तथ्यही असतं. आज सरकारी कॉलेजात एमबीबीएस करणाऱ्या कितीतरी मुलांनी ही परीक्षा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिलेली आहे. पण पुन्हा बसूनही ज्यांच्या हाती काही लागलं नाही, त्यांचे फोटो क्लासच्या फ्लेक्सवर लागत नाहीत. वर्ष द्यायचं की नाही हे एकूण गुणांवरून ठरवता येत नाही, गुण कुठे गेले त्यावरून ठरवावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

दोन मुली घ्या. दोघींना ७२० पैकी ४५० गुण. पहिलीने १८०च्या १८० प्रश्न सोडवले. १२६ बरोबर, ५४ चूक. दुसरीचे ११५ बरोबर, १० चूक आणि ५५ कोरे. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक, या हिशेबाने बेरीज सारखीच येते, दुखणं मात्र वेगळं. दुसरीला जे येतं ते पक्कं येतं. तिचा भाग राहून गेलाय किंवा वेळ पुरला नाही. कोरे प्रश्न बहुतेक फिजिक्सचे असतील, तर वर्षभरात भरून काढण्याजोगी ती ठोस जागा आहे. पहिलीच्या ५४ चुकांत अंदाजाने मारलेले किती आणि खात्रीने चुकवलेले किती, हे कुणी तिच्याशेजारी बसून पाहिल्याशिवाय कळणार नाही. खात्रीने चुकलेले जास्त असतील, तर तेच क्लास, त्याच नोट्स आणि त्याच टेस्ट सिरीज यांतून पुढच्या मे महिन्यात वेगळं काय निघणार?

“गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला एवढ्याच मार्कांत मिळालं होतं,” हा युक्तिवाद तर टिकतच नाही. २०२४च्या पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते. २०२५मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. पेपर बदलला की गुणांची किंमत बदलते, म्हणून तुलना रँकशी करायची. ‘क्वालिफाय’ या शब्दानेही अशीच फसगत होते. पात्रतेसाठी लागणारे ५० परसेंटाइल म्हणजे निम्मे गुण नव्हेत. २०२५मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती, म्हणजे ७२०च्या वीस टक्क्यांवर. तेवढ्यावर “जवळ आलाय” म्हणणं ही मुलाची शुद्ध दिशाभूल आहे.

काहीजण निकालानंतर रिचेकिंगची वाट पाहत बसतात. बारावीला उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन असतं, तसं इथे काही नाही. आक्षेप घ्यायचा तो निकालाआधी, उत्तरसूची आणि ओएमआरची, म्हणजे मुलाने गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत खुली होते तेव्हा. आणि तो घेण्यात अर्थ असतो. २०२४मध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि चार लाखांहून अधिक मुलांचे गुण पाच-पाचने उतरले. पूर्ण गुण मिळवणारे १७ उरले. एका प्रश्नाने एवढी उलथापालथ होते, तरी आपल्या मुलाच्या ओएमआरची प्रत न उघडताच वर्षाचा निर्णय घेणारी घरं आहेत. याचं मला फार वाईट वाटतं.

पुन्हा बसायला माझा विरोध नाही. दुसऱ्या मुलीला मी बस म्हणेन, पण आधी रँक घेऊन सीईटी कक्षाच्या गेल्या वर्षीच्या निवडयाद्या बघ, असंही सांगेन. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याकडून भरल्या जातात. त्यात आपल्या प्रवर्गातला शेवटचा प्रवेश कुठल्या रँकला झाला, हे त्या याद्यांत दिसतं. अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी वेगळी यादी पाहावी लागते. बीडीएस, बीएएमएस याच गुणांवर मिळतंय का आणि ते मनापासून हवंय का, हेही तेव्हाच मुलाला विचारायचं. प्रवेशाचे कॅप राउंड महिनोन्‌महिने चालतात. रिपीटर बॅचची फी मात्र पहिली यादी लागण्याआधीच मागितली जाते. पालकांनी त्या काउंटरवर एवढंच विचारावं: “याचं ओएमआर आणलंय, बघून सांगता का नेमकं काय सुधाराल?” आणि जिथे तो कागद हातात घेण्याआधी पावतीपुस्तक उघडलं जातं, तिथे पैसे भरू नयेत.