केस कोणाचे आणि नियम कोणाचा?

लांब केस राखले म्हणून एखाद्या तरुणाला नोकरी नाकारली गेली, तर त्यात समाजवादी चळवळीने लक्ष घालण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आपल्यातील अनेक कार्यकर्त्यांच्या मनात येईल. वेतन, कंत्राटी पद्धत, कामाचे तास हे जिवाचे प्रश्न सोडून केशभूषेची चर्चा करणे ही सुखवस्तूंची करमणूक आहे, असेही कोणी म्हणेल. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला मी स्वतः कित्येक वर्षे याच मताचा होतो. ते मत का बदलले, ते सांगण्यासाठी हा लेख.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मेकन नावाचे शहर आहे. जुलै १९७० मध्ये तेथील एका तरुणाने ‘मेकन टेलिग्राफ’ या वृत्तपत्राकडे जाहिरातींची मांडणी करणाऱ्या चित्रकाराच्या जागेसाठी अर्ज केला. त्याचे केस खांद्यापर्यंत होते, आणि ते लांब आहेत म्हणून त्याला नोकरी नाकारण्यात आली. त्याच महिन्याच्या आरंभी शहराजवळच्या बायरन गावी मोठा संगीतमहोत्सव झाला होता. लांब केसांच्या तरुणांचे लोंढे तेथे आले होते आणि स्थानिक व्यापारीवर्ग त्यांच्यावर रुष्ट होता. आमच्या गिऱ्हाइकांना असे केस खपणार नाहीत, हे वृत्तपत्राचे म्हणणे. तरुणाचे म्हणणे सरळ होते: एवढेच केस असलेल्या स्त्रीला तुम्ही नोकरी देता, मग मला का नाही? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील लिंगभेद निषिद्ध ठरवला होता. अपील न्यायालयातील तीन न्यायाधीशांच्या पीठाने १९७३ मध्ये त्याची बाजू उचलून धरली. परंतु १९७५ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निर्णय फिरवला. हाच विलिंगहॅम खटला.

पूर्ण पीठाच्या विवेचनातील दोन मुद्दे आपण तपासले पाहिजेत. पहिला असा की, वंश किंवा लिंग बदलता येत नाही, केस मात्र कापता येतात. म्हणून केसांचा नियम हा भेदभाव नसून धंदा कसा चालवावा याविषयीचा मालकाचा निर्णय होय. दुसरा असा की, ज्याला नियम मान्य नसेल त्याला दुसरीकडे नोकरी शोधण्याची मुभा आहेच.

हा दुसरा मुद्दा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कामाचे तास कमी करा, बालकांना कामावर ठेवू नका, आठवड्याची सुट्टी द्या, अशी प्रत्येक मागणी पुढे आली तेव्हा करारस्वातंत्र्याचे हेच उत्तर मिळाले होते. एक उमेदवार परत गेला तर मालकाचे फारसे काही अडत नाही. त्याच्यामागे रांग उभीच असते. नोकरी हुकलेल्याचा मात्र त्या महिन्याचा किराणा हुकतो. सौदा करण्याची शक्ती इतकी विषम असताना ‘दुसरीकडे जा’ या सल्ल्याला स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

केस कापता येतात, हा पहिला मुद्दा अधिक सयुक्तिक दिसतो. पण तोही टिकत नाही. गणवेश पाळी संपल्यावर खुंटीला टांगून ठेवता येतो. कापलेले केस संध्याकाळी पुन्हा चिकटवता येत नाहीत. ते डोके घेऊनच माणूस घरी जातो, देवळात जातो, लग्नाला जातो. म्हणजे मालक मजुरी देतो आठ तासांची आणि नियम लादतो चोवीस तासांचा. उरलेल्या सोळा तासांचे मोल कोणत्या वेतनपत्रकात मांडले जाते?

गिऱ्हाइकाच्या पसंतीचा युक्तिवाद तर आपल्या देशात विशेष जपून ऐकला पाहिजे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या हातचे अन्न खावे, याविषयी गिऱ्हाइकाच्या पसंती येथे शतकानुशतके चालत आल्या आहेत. जातीचा अन्याय आणि केसांचा नियम यांना मी एका तागडीत घालत नाही. परंतु पूर्वग्रह हा एकदा धंद्याचा रास्त खर्च ठरला की तो कोठे थांबेल, हे मालकाच्या मर्जीवर राहते.

याचा अर्थ प्रत्येक नियम अन्यायाचा, असा नव्हे. फिरत्या यंत्राजवळ मोकळे केस म्हणजे अपघाताला आमंत्रण. स्वयंपाकघरात आणि शस्त्रक्रियागृहात ते झाकलेच पाहिजेत. २०२५ पर्यंत अमलात असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे बाविसावे कलम चालू यंत्राजवळ विशिष्ट कामे करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे सक्तीचे करत असे, आणि ते कपडे कारखान्याच्या भोगवटादाराने पुरवावेत असेही सांगत असे. यात नियमाची कसोटी आयतीच सापडते: कारण धोक्याचे असावे, उपाय त्या कारणापुरता असावा आणि खर्च मालकाचा असावा. टोपीने किंवा जाळीने भागत असेल तर कात्री कशाला? स्त्रीने केस बांधून जे काम सुरक्षितपणे करता येते, ते पुरुषानेही तसेच का करू नये?

आता आपल्याकडची स्थिती पाहा. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यामुळे नोकरीच्या शर्ती लेखी झाल्या. १९५६ च्या दुरुस्तीने त्या न्याय्य आणि वाजवी आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार प्रमाणन अधिकाऱ्याला मिळाला, आणि कामगार संघटनेला हरकत घेण्याची संधी होतीच. मूळ केंद्रीय कायदा शंभर कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली आहे. म्हणजे असंख्य लहान आस्थापनांत नेमणूकपत्रातील बारीक अक्षरे हाच कायदा ठरतो. वरिष्ठाची कायदेशीर व वाजवी आज्ञा हेतुपुरस्सर मोडणे ही गैरवर्तणूक मानली जाते. ‘वाजवी’ कशाला म्हणायचे, हे विचारणाराच कोणी नसेल, तर न्हाव्याकडे न जाणे हीसुद्धा गैरवर्तणूक होऊ शकते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी अधिव्याख्यात्याच्या निवडसमितीवर मी होतो. एका उमेदवाराचे केस मानेवर रुळत होते. त्याची उत्तरे सर्वांत सरस होती. पण ‘विद्यार्थ्यांवर काय परिणाम होईल’ असे एक सदस्य म्हणाले आणि मी गप्प बसलो. जागा दुसऱ्याला गेली. मालकाची नजर केवळ मालकाजवळच असते असे नाही. ती आपल्या डोळ्यांतही मुक्काम ठोकून असते.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. ज्याच्या हातात वस्तरा होता तो श्रमिकच म्हणाला की, हे काम माझ्या हातून होणार नाही. डोक्यावरील केसांचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे भारतीय कामगार चळवळीच्या या आद्य पुढाऱ्याला वाटले नव्हते.

केसांसाठी संप करा, असे मी म्हणत नाही. परंतु आपापल्या क्षेत्रातील नेमणूकपत्रे पुढे घेऊन बसा आणि दिसण्याविषयीच्या प्रत्येक कलमाला तीन प्रश्न विचारा: हा नियम कोणत्या धोक्यासाठी आहे, त्याचा खर्च कोण सोसतो, आणि तो करताना कामगाराला कोणी विचारले होते काय? उत्तर मिळाले नाही, तर ते कलम पुढल्या मागणीपत्रात घाला.