गाडीआधी गल्ली मोजा!

मैत्रिणींनो, आमच्या घरी महिनाभर एकच वाद : फॉर्च्युनर घ्यायची की स्कॉर्पिओ-एन? ह्यांना रुबाब हवा, मुलाला इंजिन. मी मात्र शिवणकामाची टेप घेऊन गल्लीत उतरले. फॉर्च्युनरची रुंदी १८५५ मिलिमीटर, म्हणजे सहा फुटांहून जास्त, स्कॉर्पिओ-एनची १९१७. बाहेरचे आरसे वेगळेच! आमची ही इतवारी; दोहों बाजूंना हातगाड्या अन् पोती. गाडी शिरली तरी दार उघडायला जागा नको का?

मग सासूबाईंना दोन्ही गाड्यांत चढवून पाहिलं. गुडघ्यांनी लगेच तक्रार केली!

तेव्हा रंगाआधी चार गोष्टी पाहा : गल्लीची रुंदी, चढायची पायरी, नागपूरच्या मे महिन्यात शेवटच्या सीटपर्यंत पोचणारी गार हवा, अन् अपघात-चाचणीचे तारे. पैसा घरचाच जातो, मग विचारायला संकोच कसला?