काचेवरचा चिखल

साकोलीहून रात्री भंडाऱ्यास परतत होतो. लाखनी मागे पडली आणि पुढच्या ट्रकने चिखल उडवला. काच धुण्यासाठी वायपरची दांडी ओढली. पाणी आलेच नाही. कोरड्या वायपरने चिखल काचभर सारवला आणि समोरून येणाऱ्या दिव्यांत रस्ताच दिसेनासा झाला. मागे दोन्ही नातवंडे झोपली होती.

सकाळी बॉनेट उघडले. दांडी ओढल्यावर पंपाचा आवाज मुळीच येत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. आमच्या पंपाची गुणगुण स्पष्ट होती. म्हणजे पाणीच कुठेतरी अडले होते. फवाऱ्याकडे जाणारी नळी सोडवली, तरी थेंब नाही. मग टाकी रिकामी करून तळाच्या रबरी कडीतून पंप हलकेच ओढून काढला. (टाकी भरलेली असताना ओढल्यास स्नान ठरलेले!) त्याच्या तोंडाची जाळी शेवाळाने व गाळाने पूर्ण बुजली होती. जुन्या ब्रशने ती धुतली, रबर ओले करून पंप पुन्हा बसवला. खर्च काहीच नाही.

घरात गाळल्यावाचून आम्ही घोटभर पाणी घेत नाही. या टाकीत मात्र वर्षभर नळाचे पाणी थेट ओतत आलो. आता गाडीजवळच्या खुंटीवर एक गाळणे टांगले आहे.